खांदा, मूलपेशी आणि एक शब्द



या व्याख्यानासाठी चिटणीसांनी मला 'संतसाहित्य' आणि 'बडोद्यातील मराठी' असे दोन विषय सुचविले होते. मी खांदेदुखीवर आणि तिच्या मूलपेशी-उपचारावर बोलणार आहे असे सांगितले, तेव्हा दूरध्वनीवर काही क्षण शांतता पसरली. मराठीच्या प्राध्यापकाने वैद्यकात नाक खुपसू नये हे मलाही कळते. परंतु या विषयात मी आधीच नाक खुपसून बसलो आहे आणि त्याचा हिशेब याच वास्तूत द्यावा असे मला वाटले.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आठवीच्या वर्गात फळ्यावर 'स्कंध' हा शब्द लिहिला होता. स्कंध म्हणजे झाडाचे खोड, स्कंध म्हणजे खांदा आणि भागवताचे विभागही स्कंधच. त्यातूनच आपला 'खांदा', झाडाची 'खांदी' आणि गुजराती शेजाऱ्यांची 'खांध' आली. आश्चर्य असे, की ज्या पेशींविषयी आज बोलायचे आहे, त्यांच्या नावातही खोडच आहे. १८६८ साली एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने 'श्टामत्सेले' हा शब्द वापरला. त्यातील 'श्टाम' म्हणजे खोड, तसेच कुळाचा मूळपुरुष. शब्दशः भाषांतर केले असते तर आपण 'स्कंधपेशी' म्हटले असते. मराठीत 'मूलपेशी' रूढ झाले, आणि ते चांगले आहे. मी मात्र तिसराच शब्द घडविला. त्याकडे येतोच.

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. त्याला उखळीचा सांधा म्हणतात खरे, पण ही उखळ इतकी उथळ आहे की बाहूच्या हाडाचा गोळा तीत बसतो म्हणण्यापेक्षा टेकतो म्हणावे. त्याला जागेवर धरून ठेवतात चार स्नायू आणि त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा. या चौघांच्या वेढ्याला 'रोटेटर कफ' म्हणतात. हा कफ सदऱ्याच्या बाहीचा, आयुर्वेदातला नव्हे. वयानुसार या कंडरा झिजतात, विरतात, कधी फाटतात. दुसरा विकार अगदी वेगळा. त्यात सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आक्रसते आणि हात कुणी धरून ठेवावा तसा आखडतो. मधुमेही माणसांत हा विकार विशेष आढळतो. त्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिले.

माझा खांदा असाच गोठला होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागापर्यंत माझा हात पोहोचेना. मी सारे खालच्या अर्ध्यात लिहीत असे आणि मागच्या बाकावरची मुले उभी राहून वाचत. शेक, व्यायाम, एक इंजेक्शन आणि दीड वर्षाचा काळ एवढ्यावर तो सुटला. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाच्या खांद्याला तूपहळद चोळून शेक देतो, त्या खांदेमळणीची मला तेव्हा रोज आठवण होई. हा विकार बहुतेकांत एक ते तीन वर्षांत पुष्कळसा ओसरतो, कुणाकुणाला थोडा ताठरपणा राहतो. पण त्यामुळे माझी अशी समजूत झाली, की खांदेदुखीला शस्त्रक्रिया लागतच नाही. एका शब्दाखाली दोन रोग नांदत होते आणि ते मला, शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला, दिसले नाहीत.

२०१८ साली एका रुग्णालयाने माझ्याकडे एक इंग्रजी माहितीपत्रक मराठी करण्यासाठी पाठविले. मानधन दिले, ते मी घेतले. मजकूर असा होता, की कमरेच्या हाडातून थोडा अस्थिमज्जारस काढायचा, यंत्रात घुसळून त्यातील पेशींचा अंश वेगळा करायचा आणि तो दुखऱ्या खांद्यात टोचायचा. शस्त्रक्रियेविना नवी कंडरा! 'मूलपेशी' मला रुक्ष वाटला. मी लिहिले, 'संजीवन-पेशी'. द्रोणागिरी उचलून आणल्याचा आनंद मला त्या दिवशी झाला होता.

ते पत्रक वाचून या शाळेतील माझ्या बाकावरचा सोबती मला भेटायला आला. त्याच्या उजव्या खांद्यातील एक कंडरा पूर्ण फाटली होती. अस्थितज्ज्ञांनी ती शिवून घ्यावी असा सल्ला दिला होता आणि त्याला शस्त्रक्रियेची धास्ती होती. "हे तू लिहिलेस ना? मग खरेच असणार," तो म्हणाला. मी त्याला माझ्या सुटलेल्या खांद्याची गोष्ट सांगितली. त्याने मुदतठेव मोडली आणि तीन इंजेक्शने घेतली. वेदना काही महिने उणी झाली, हे नोंदविले पाहिजे. पुढे दीड वर्षाने एम.आर.आय. काढला, तेव्हा फाटलेले टोक आत ओढले गेले होते आणि स्नायूत चरबी भरली होती. आता शिवले तरी टाका धरणार नाही, असे शल्यविशारदांनी सांगितले. आधी शिवले असते तरी ते टिकलेच असते असे नाही, असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्या वाक्याचा मी आधार घेतो, पण पूर्ण घेववत नाही.

त्यानंतर मी वाचू लागलो. प्रथम आढळले ते असे, की अस्थिमज्जेतून काढलेल्या रसात ज्यांच्यावर सारी भिस्त ठेवली जाते त्या पेशी दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी असतात. मग आढळला एका नावाचा इतिहास. अमेरिकेतील आर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ साली या पेशींना 'मेझेन्कायमल स्टेम सेल' हे नाव दिले आणि त्यांनीच २०१७ साली लेख लिहून ते बदला अशी विनंती केली. कारण या पेशी शरीरात जाऊन नवे ऊतक उभारतात असा रुग्णाचा समज त्या नावाने होतो. प्रत्यक्षात त्या दुखापतीच्या जागी काही रासायनिक द्रव्ये स्रवतात आणि बरे करण्याचे काम तेथील मूळ पेशींकडून होते. कॅप्लन यांनी आपला शब्द सव्वीस वर्षांनी परत मागितला. माझा शब्द एव्हाना दवाखान्यांच्या भिंतींवर लागला होता.

मूलपेशी हे थोतांड आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. रक्ताच्या कर्करोगांत अस्थिमज्जारोपणाने अनेकांचे प्राण वाचले आहेत आणि तो उपचार सर्वमान्य आहे. खांद्याबाबतही आशेची जागा आहे. फ्रान्समधील हर्निगू यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंडरा शिवताना अस्थिमज्जेतील पेशी दिलेले ४५ रुग्ण होते आणि न दिलेले ४५. दहा वर्षांनी पहिल्या गटात ८७ टक्क्यांची कंडरा शाबूत होती, दुसऱ्यात ४४ टक्क्यांची. पण येथे पेशी शस्त्रक्रियेच्या जोडीला होत्या, तिच्याऐवजी नव्हत्या. शिवाय कोणाला पेशी द्यायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. शस्त्रक्रियेविना केवळ इंजेक्शन देऊन झालेले प्रयोग फार लहान आहेत. अर्धवट फाटलेल्या कंडरेवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन्ही गट मिळून सोळा रुग्ण होते. आपल्या एका तुकडीत याहून अधिक मुले असत.

गुडघ्यावर मोठा प्रयोग झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकी अभ्यासात सुमारे पावणेपाचशे रुग्ण होते. तीन प्रकारच्या पेशींची तुलना साध्या स्टिरॉइड इंजेक्शनशी केली, आणि वर्षाअखेर एकही प्रकार त्याहून सरस ठरला नाही. आपल्याकडे गुडघ्याच्या संधिवातासाठी अशा पेशींच्या एका औषधाला औषध-नियंत्रकांनी २०२२ साली मान्यता दिली, हेही सांगितले पाहिजे. ती मान्यता गुडघ्याची आहे. ती खांद्याला दाखवून कुणी पैसे मागत असेल, तर त्याला हा फरक विचारावा.

आणि सर्वांत बोचणारी गोष्ट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ सालीच प्रसिद्ध झाली होती, म्हणजे माझ्या पत्रकाच्या आदल्या वर्षी. मान्यताप्राप्त रक्तविकारांतील रोपण सोडल्यास, मूलपेशींचा वापर नोंदणीकृत प्रयोगाबाहेर उपचार म्हणून करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. ती मी उघडूनही पाहिली नाहीत. प्रयोगात सामील होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत, एवढे जरी मला ठाऊक असते तरी मुदतठेव शाबूत राहिली असती.

शस्त्रक्रियेचीही मी वकिली करीत नाही. खांद्याच्या एका नेहमीच्या शस्त्रक्रियेची तुलना ब्रिटनमध्ये नुसत्या लुटुपुटुच्या शस्त्रक्रियेशी केली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३१३ रुग्ण होते आणि दोहोंत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. शल्यवैद्यांनी आपलेच काम असे तपासून घ्यावे, याचे मला फार कौतुक वाटले. ती परंपरा कॉडमन यांचीच. प्रत्येक रुग्ण वर्षानंतर बोलावून पाहावा, उपचार फसला असेल तर का फसला ते लिहावे आणि ते जाहीर करावे, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही म्हणून १९१४ साली त्यांनी आपल्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी एका सभेत त्यांनी व्यंगचित्र लावले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी घालतो आहे आणि बॉस्टनचे डॉक्टर ती वेचीत आहेत. शहराने त्यांना क्षमा केली नाही. १९४० साली ते वारले, आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ साली.

आपल्या या नगरीत १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना आठ भाषांच्या स्तंभांत प्रतिशब्द शोधणारा तो ग्रंथ मी कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना दाखवीत आलो. अशा नगरीत राहून मी 'संजीवन' लिहिले.

माझा सोबती आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. हे सारे सांगण्याची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. "माझे नाव सोडून सगळे सांग," असे तो म्हणाला. त्याचा उजवा हात छातीच्या वर जात नाही. जेवण होते, सही होते, खुंटीवरची टोपी मात्र डाव्या हाताने काढावी लागते. त्या रुग्णालयाला मी पत्र लिहून माझा अनुवाद मागे घेतला आहे. उत्तर आलेले नाही. मूळ पत्रक आणि त्यातील प्रत्येक विधानासमोर आज जे ठाऊक आहे ते, अशा दोन स्तंभांचा एक तक्ता मी तयार केला आहे. त्याच्या प्रती दाराशी मेजावर ठेवल्या आहेत. जाताना घ्याव्यात, आणि त्यात चूक आढळल्यास मला कळवावे.