देव भांड्यांतही असतो

 

“देवाचं करायला वेळच मिळत नाही,” असं गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. मीही म्हणायचे. मालक गेले त्या वर्षी तर डोळे मिटून बसलं, की नुसतं रडू यायचं. वाटायचं, आपल्याला देव लाभायचा नाही. तेव्हा मला आधार झाला तो केडगावच्या पंडिता रमाबाईंचा.

शिरूरहून न्हावरे करत आलं की केडगाव. तिथलं मुक्ती मिशन त्यांनीच उभं केलं. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीनं गेले. मग भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण मनाला खरी शांती मिळायला पुढे आणखी आठ वर्षं लागली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढी विद्वान बाई, पण सांगायला लाजली नाही.

देवाबद्दल माहिती असणं वेगळं आणि तो आपल्या आत आहे असं जाणवणं वेगळं. या जाणवण्याच्या वाटेला ख्रिस्ती गूढवाद म्हणतात. नाव जड आहे, पण जनाबाईला विठोबा दळू लागायचा हे आपल्याला ठाऊकच आहे. स्पेनमधली संत तेरेसा साडेचारशे वर्षांपूर्वी मठातल्या बायकांना सांगायची, की देव स्वयंपाकघरातल्या भांड्यांतही असतो.

केडगावात तसंच होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या. १९०५ मध्ये तिथं शेकडो जणी एकत्र प्रार्थना करायच्या, रडायच्या, हसायच्या. पण प्रार्थनेपायी दळण, शेत, विणकाम सुटलं नाही. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं, आणि मुक्तीतल्या बायांनीच खिळे जुळवून ते छापलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी आईनं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

बायांनो, आपापला देव आपापल्यापाशी. मी आता चूल पेटवायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसते. रडू आलं तर येऊ देते. रमाबाईंना आठ वर्षं लागली, मग आपण चार दिवसांत का हिरमुसायचं?

रामराम.