डावा पाय कुठे ठेवायचा?

कुंभिवलीहून आमच्या बचत गटातर्फे तुम्हा सगळ्या ताया, वहिन्या, काकू आणि आज्यांना नमस्कार. दुपारची भांडी आवरून कुणी रेडिओजवळ बसलं असेल, कुणी तांदूळ निवडत ऐकत असेल. हातातलं काम चालू ठेवा, आमचं बोलणंही कामाचंच आहे.

आज आम्ही आमच्या गाडीबद्दल सांगणार आहोत. गाडी साधी, छोटी, दुसऱ्या हाताची. पण तिला क्लच नाही. डाव्या पायाला तिच्यात कामच नाही. आणि या एका गोष्टीने आमच्या अकरा जणींच्या गटाची झोप उडवली होती.

आम्ही डबे करतो. सावरोली-खारपाडा रस्त्यावर कंपन्या आहेत, तिथल्या कामगारांना दुपारचं जेवण पोचवतो. तांदळाची भाकरी, भात, आमटी, एक भाजी, बुधवारी सुकट. साठ डबे रोज. ते पोचवायला आमच्याकडे एक जुनी व्हॅन होती. गटातल्या दोघी खोपोलीला जाऊन गाडी चालवायला शिकल्या होत्या. शिकल्या म्हणजे काय, घाम गाळला. पहिला महिना गाडी सुरू केली की बंद पडायची. चढावर हाफ क्लच जमेना. नाक्यावरची पोरं हसायची. घरचे म्हणायचे, "बायकांचं काम नाही ते, सोडा." तरी त्या शिकल्या. पक्कं लायसन्स हातात आलं त्या दिवशी आम्ही गटात शिरा केला होता.

त्यामुळे क्लच हा आमच्यासाठी नुसता पायाखालचा एक दांडा नव्हता. ते आमचं प्रमाणपत्र होतं.

पावसाळ्यानंतर व्हॅनने मान टाकली. दुरुस्तीचा खर्च ऐकून आम्ही गप्पच झालो. तेवढ्यात खोपोलीतल्या एका निवृत्त मास्तरांची गाडी विकायची आहे असं कळलं. गाडी चांगली राखलेली, भाव परवडणारा. थोडे पैसे बचतीतले, थोडे बँकेच्या कर्जातले. गटाच्या बैठकीत ठराव केला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, कागदोपत्री गाडी एका सदस्याच्या नावावर केली आणि ती गटाची आहे हे वहीत लिहून ठेवलं. मास्तर म्हणाले, "ही ऑटोमॅटिक आहे बरं का, अगदी सोपी." सोपी हा शब्द ऐकून आम्ही पुढचं काही विचारलंच नाही. चूक तिथेच झाली.

तिसऱ्या दिवशी डबे घेऊन निघालो. कंपनीच्या वळणावर वेग कमी करायचा होता. सवयीने डावा पाय क्लच शोधायला गेला. पायाखाली आला ब्रेक. आणि क्लच जसा आपण पूर्ण खाली दाबतो, तसा तो दाबला गेला. गाडी जागच्या जागी थांबली. मागून येणारा टेम्पो कसाबसा बाजूला गेला. आमटीचा टोप कलंडला आणि मागे बसलेल्या आमच्या वहिनींच्या हातावर गरम आमटी सांडली. मनगटापर्यंत फोड आले. त्या दिवशी साठ माणसं आमटीशिवाय जेवली, पण आम्हाला दुःख त्या हाताचं होतं.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. आमच्यातली एक अंगणात गाडी घेऊन आली. दांडा डी वरच होता, पाय ब्रेकवर. सासूबाई खाटेवर पापड वाळत घालत होत्या. त्यांच्याशी बोलायला तिने खिडकीतून मान बाहेर काढली आणि बोलता बोलता पाय सैल पडला. तिच्या मनात काय, की ॲक्सिलरेटर दाबलेला नाही म्हणजे गाडी उभी. पण ही गाडी ब्रेक सोडला की मुंगीच्या पावलाने आपणहून पुढे सरकते. खाटेचा पाय वाकला तेव्हा तिच्या लक्षात आलं. ब्रेक दाबला. आजींना काही झालं नाही. आजी म्हणाल्या, "अगं, गाडीला आवर." पण तिला दोन रात्री झोप लागली नाही.

सोमवारच्या बैठकीत विषय निघाला. एकीने म्हटलं, विकून टाका. दुसरी म्हणाली, घरून बोलणी बसतात, "आपोआप चालणारी गाडी बायकांच्या हातात दिली की असंच होणार." जी सगळ्यात छान व्हॅन चालवायची ती तर रडली. म्हणाली, "एवढ्या कष्टाने शिकले ते सगळं वाया गेलं. मला पुन्हा अडाणी झाल्यासारखं वाटतंय."

मैत्रिणींनो, हे वाक्य आम्हाला फार लागलं. कारण ते सगळ्यांच्याच मनात होतं. काही येत नसताना भीती वाटते ती वेगळी. येत असलेलं हातून निसटतंय ही भीती जास्त बोचते.

गाडी नऊ दिवस ताडपत्रीखाली उभी राहिली. डबे भाड्याच्या टेम्पोने गेले. त्या नऊ दिवसांत टेम्पोने आमचा नफा खाल्ला आणि वर थोडं मुद्दलही.

मार्ग सापडला तो शिलाई करणाऱ्या एका मावशींकडून. त्या गाडी चालवत नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या पायमशीनला मोटर बसवली तेव्हा मला असंच झालं होतं. वीस वर्षं दोन्ही पाय हलवायची सवय. मोटर लावली तरी पाय हलायचेच आणि मशीन धावत सुटायचं. दोन ब्लाउज फुकट गेले. मग मी आठ दिवस जुन्या चिंध्यांवरच शिवलं. पाय शांत झाले तेव्हा गिऱ्हाइकाचं कापड हातात घेतलं."

बघा, आम्ही चिंध्यांवर न शिवता एकदम गिऱ्हाइकाच्या कापडाला हात घातला होता. नवी गाडी आणि भरलेला आमटीचा टोप, दोन्ही एकाच दिवशी.

मग आम्ही एका मेकॅनिकदादांना बोलावलं आणि बॉनेट उघडून समजावून घेतलं. त्यांनी सांगितलं, या गाडीत क्लच आहे, गिअरही आहेत, तुमच्या व्हॅनसारखेच. फरक इतकाच की क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम आत बसवलेलं यंत्र करतं. म्हणून गिअर बदलताना गाडी जराशी अडखळल्यासारखी वाटते. तो बिघाड नाही. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा हलका केला की झटका कमी बसतो. आपल्या देशात या पद्धतीची छोटी गाडी पहिल्यांदा २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत आली, त्यानंतर ती बऱ्याच कंपन्यांनी आणली. तिकडे अमेरिकेत तर जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलमध्ये क्लचशिवायची गाडी बाजारात आणली होती. म्हणजे आपल्या आज्या मुली होत्या तेव्हापासून जगात बाया-माणसं अशी गाडी चालवतात.

हे कळल्यावर रडलेली आमची मैत्रीण हसली. म्हणाली, "म्हणजे मी करायचे तेच काम ते यंत्र करतंय. मग ते कधी काय करतंय हे मला बरोबर कळेल." आणि खरंच, व्हॅन शिकलेलं वाया गेलंच नाही. आरसे बघणं, अंतर राखणं, वळणाचा अंदाज, समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखणं, हे सगळं तेच राहिलं. बदलला फक्त डावा पाय.

लायसन्सचीही काळजी मिटली. आपल्याकडे हलक्या मोटारीचं एकच लायसन्स, ते दोन्ही गाड्यांना चालतं. इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे तसं नाही.

आता सराव कसा केला ते सांगतो. रविवारी कंपन्या बंद असतात, तेव्हा मोकळ्या रस्त्यावर पहाटे गेलो. टोपाऐवजी मागे पाण्याने भरलेली कळशी ठेवली. नियम एकच, पाणी सांडलं तर नापास. पहिल्या रविवारी कळशी अर्धी झाली. चौथ्या रविवारी चार थेंब सांडले.

डाव्या पायासाठी युक्ती केली. तो मागे ओढून सीटजवळ ठेवायचा आणि बसताना मोठ्याने म्हणायचं, "डावा बसला." हसू येतं, पण उपयोग होतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्याच पायाने. एक पाय एका वेळी एकच काम करतो, म्हणजे दोन्ही एकदम दाबले जात नाहीत. पायात सपाट, पट्ट्याची चप्पल. सुटणारी स्लिपर नको.

आमच्या गाडीत आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढे. काही गाड्यांत पी म्हणजे उभी करण्याची जागा असते, आमच्यात नाही. म्हणून तुमची गाडी कोणती ते तिच्या पुस्तकात बघा, नाहीतर जाणकाराला विचारा. दांडा हलवण्याआधी पाय ब्रेकवर. दोन मिनिटं थांबायचं असलं तरी हँडब्रेक ओढायचा. उतरताना ब्रेक, मग हँडब्रेक, मग इंजिन बंद, मग दार. उतारावर चाकाला दगड. खाटेचा पाय वाकल्यापासून हा क्रम आमच्या गाडीत कागदावर लिहून समोर चिकटवला आहे.

आणखी एक. व्हॅन बंद पडली की आम्ही चौघी धक्का मारायचो. ही गाडी धक्क्याने सुरू होत नाही. म्हणून बॅटरी वेळेवर तपासून घेतो आणि मेकॅनिकदादांचा नंबर चौघींच्या फोनमध्ये आहे.

शेवटी राहिला घाट. लोणावळ्याला एका प्रदर्शनात आमचे पापड आणि वालाची डाळ न्यायची होती. खोपोलीहून जुना घाट चढायचा म्हटल्यावर पोटात गोळा आला. चढावर गर्दीत थांबलो की गाडी मागे घसरते. अशा वेळी नुसता ॲक्सिलरेटर दाबून गाडी चढावर धरून ठेवायची नाही, त्याने आतला क्लच जळतो. हँडब्रेक ओढायचा, गाडीने जोर धरला की सोडायचा. उतरताना दांडा एम वर घेऊन गिअर खालचा ठेवायचा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. एन वर टाकून घाट कधीच उतरायचा नाही. शिंग्रोबाच्या देवळापाशी हात जोडले आणि वर पोचलो. कळशीची आठवण सगळ्यांना आली.

त्या घाटात बाजूलाच रेल्वेचा रूळ आहे. आमच्या कर्जतवरून जाणारा. त्या रुळावर साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी गाडी चालवली आहे. आशिया खंडातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची ओळख. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन आणली. आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या. १९८९ पासून इंजिनात उभं राहिलेल्या बाईने त्या वयात अगदी नवी गाडी हातात घेतली. मग आपण पस्तिशीत, चाळिशीत असं का म्हणायचं की आता नवं काही जमणार नाही?

आज आमची गाडी रोज साठ डबे पोचवते. वहिनींच्या हातावर डाग राहिला आहे. तो बघितला की आम्हाला घाई न करण्याची आठवण होते. टोपाला आता कडीचं झाकण आहे आणि तो दोरीने बांधलेला असतो. आधीच्या दोघींबरोबर तिसरी शिकली. शिवणाऱ्या मावशी मात्र म्हणतात, "मी आपली मागे बसेन." तेही बरोबर. सगळ्यांनी गाडी चालवायलाच हवी असं नाही. कुणी चालवेल, कुणी हिशोब ठेवेल, कुणी योग्य वेळी चिंध्यांची गोष्ट सांगेल. गट त्यासाठीच असतो.

तुमच्या गटात असं काही नवं आलं असेल, भात भरडायची मशीन, मोबाइलवरचा हिशोब, नाहीतर क्लच नसलेली गाडी, तर दोन गोष्टी करा. पहिली, भीती वाटते हे बैठकीत मोठ्याने सांगा. आम्ही नऊ दिवस मनात ठेवली, ती ताडपत्रीखाली वाढत गेली. दुसरी, आमटीच्या टोपाआधी पाण्याच्या कळशीवर सराव करा.

आणि कुंभिवलीच्या रस्त्याला एखादी छोटी गाडी सावकाश जाताना दिसली, तर हॉर्न वाजवू नका. हात करा. आम्हीच असू.

नमस्कार.