आराम आणि हराम

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली त्या वर्षी, म्हणजे २०२४च्या सप्टेंबरात, आमच्या मुलीने आम्हाला एक भेट दिली. ती आणि जावई दोघंही चेक देशात, प्राग शहरात नोकरीला आहेत. आम्ही तीन आठवडे त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. एका संध्याकाळी तिने एक छापील कागद माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "अब्बा, उद्या दुपारी तीन वाजता. तुम्ही आणि अम्मी, दोघंच. पैसे भरलेत, परत मिळत नाहीत."

कागदावर एका मोठ्या लाकडी टबाचं चित्र होतं. टबात एक गोरं जोडपं बसलेलं, दोघांच्या हातात फेसाळलेले पेले. वर दोन शब्द, 'पिव्नी लाझ्ने'. म्हणजे बिअरचं स्नानगृह.

श्रोतेहो, मी कोकणातल्या मुसलमान घरातला माणूस. दारू आमच्यात हराम, हे मी वेगळं सांगायला नको. मी ती कधी चाखलेली नाही. माझी बायको तर ज्या हॉटेलात दारू मिळते तिथे चहासुद्धा घेत नाही. मुलीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिचं म्हणणं एवढंच की प्यायची नाही, पाण्यात बसायचं आहे. बायकोला दुसरीच काळजी. "या वयात? दोघांनी एका टबात?" असं तिने मला हळूच विचारलं. जावई तेवढ्यात काहीतरी आणायला म्हणून आत निघून गेला.

त्या देशाची गंमत अशी की आदल्याच दिवशी आम्ही कार्लोवी वारीला जाऊन आलो होतो. मराठी कानाला 'वारी' म्हटलं की वेगळंच काही आठवतं, पण तिथल्या भाषेत त्याचा संबंध उकळण्याशी आहे. चौथ्या कार्ल राजाच्या नावाचं हे गरम झऱ्यांचं गाव. मुख्य झऱ्याचं पाणी सुमारे ७२ अंशांचं, भसाभसा वर उसळणारं. युरोपातल्या अकरा स्नाननगरांना युनेस्कोने २०२१ मध्ये जागतिक वारशात घेतलं, त्यांत हे एक. तिथे लोक नळीची तोटी असलेले चिनी मातीचे पेले घेऊन खांबांच्या लांबलचक ओसऱ्यांमधून फिरतात आणि ते खारट कोमट पाणी घोट घोट पितात. मीही प्यालो. उन्हवऱ्याची आठवण झाली. दापोली तालुक्यातल्या या कुंडावर माझी आजी गुडघ्यांसाठी जायची आणि मला सोबत न्यायची. पण आम्ही त्या पाण्यात आंघोळ करायचो, ते प्यावं असं कोणाला सुचलं नव्हतं. आणि हे लोक आंघोळीचं पाणी पितात आणि पिण्याच्या बिअरमध्ये आंघोळ करतात!

बिअर त्यांची आहेच. दरडोई बिअर पिण्यात चेक माणूस अनेक वर्षं जगात पहिला आहे. आज जगभर जी सोनेरी, पारदर्शक बिअर दिसते ती पिल्झेन या त्यांच्या गावात १८४२ साली पहिल्यांदा उतरली. तिच्यात स्नान करण्याचा उद्योग मात्र अलीकडचा. पश्चिमेकडच्या खोदोवा प्लाना गावातल्या खोदोवार नावाच्या जुन्या बिअर कारखान्याने २००६ साली असं स्नानगृह उघडलं. तिथे खास स्नानासाठी बनवलेली गडद बिअर खनिज पाण्यात मिसळतात. मग हे लोण प्रागच्या गल्ल्यांतही आलं. चेक भाषेत बिअरला 'पिवो' म्हणतात, आणि हा शब्द आपल्या 'पिणे'चा दूरचा भाऊ आहे. 'पिवो' म्हणजे मुळात फक्त पेय, पिण्याची गोष्ट. पाण्याला ते 'वोदा' म्हणतात, त्याचं नातं आपल्या उदकाशी. मला असं काही सापडलं की तो दिवस चांगला जातो. बायकोला मी हे ट्रॅममध्ये सांगितलं. ती म्हणाली, "नाव 'पिणे', आणि तुम्ही म्हणता प्यायची नाही."

फतवा विचारायला मी कोणाकडे गेलो नाही. चौकशी बायकोनेच केली. तळघरात उतरलो. भिंतीवर दरपत्रक होतं. मुलीने आकडा सांगितला नव्हता, तो मी तिथे वाचला, मनात साडेतीनने गुणला आणि गप्प बसलो. तेवढ्यात आमच्या घराची पावसाळ्याआधीची कौलं बदलून झाली असती. तिथली मुलगी विशीतली, हसरी, थोडं इंग्रजी बोलणारी. बायकोने माझ्यामार्फत तिला एकेक वस्तू दाखवायला लावली. टबात काय काय घालणार? मुलीने तीन लाकडी डबे पुढे ठेवले. एकात हॉप्स, म्हणजे वेलीवरची वाळलेली हिरवी फुलं, बारक्या कोनांसारखी, हाताला किंचित चिकट. दुसऱ्यात जवाचा भरडा; जवाला मोड आणून, वाळवून, भरडलेला. नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड आणतो तसंच. तिसऱ्यात यीस्ट. तयार बिअर घालता का? मुलगी म्हणाली, आमच्याकडे नाही, आमच्याकडे गरम पाणी आणि हे तीन जिन्नस. बिअर तिकडे. तिने टबाच्या शेजारी भिंतीला लावलेला पितळी नळ दाखवला. हवी तेवढी घ्या, पैसे त्यातच आहेत.

यीस्टच्या डब्याकडे बायको बराच वेळ बघत राहिली. आपल्याकडे त्याला खमीर म्हणतात. अरबीत दारूला 'खम्र', आंबवणाला 'खमीर' आणि बायका डोक्यावर घेतात त्या ओढणीला 'खिमार'. तिन्ही शब्दांचं मूळ एक, झाकणं. दारू अक्कल झाकते, ओढणी डोकं झाकते, आणि पीठ झाकून ठेवलं की आंबतं. हे मी तिला सांगणार होतो, पण तिने डबा नाकाशी नेला आणि म्हणाली, "अहो, हा तर सांदणाच्या पिठाचा वास."

कोकणी मुसलमानांच्या घरात सांदणं ठाऊक नाहीत असा माणूस सापडणार नाही. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, रात्रभर आंबवायचं आणि वाटीत वाफवायचं. हल्ली यीस्ट घालतात. माझी आजी माडी घालायची. नारळाची ताजी माडी, भंडाऱ्याकडून लोटीत आणलेली. पाच वक्तांची नमाज पढणारी माझी आजी! तिला कोणी कधी काही बोललं नाही, कारण ती माडी पिठासाठी होती. बायकोला हे आठवलं की काय, ठाऊक नाही. तिने डबा खाली ठेवला, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "सांगा तिला, पाणी सोड म्हणावं."

हॉप्सची वेल गांज्याच्या कुळातली आहे, हे मात्र मी तिला मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर सांगितलं.

टब ओकच्या लाकडाचा, खांद्यापर्यंत पाणी येईल एवढा. पाणी अंगाच्या उबेपेक्षा किंचित जास्त. वर तपकिरी फेस आणि तरंगणारी हिरवी फुलं. मुलगी दार लावून गेली. खोली आमच्या एकट्यांची. बायको घरचा सुती गाऊन घालून उतरली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये भात लावायला जागा. तिने पहिलं काम काय केलं असेल, तर पाण्यावरची फुलं गोळा करून काठावर त्यांचा ढीग लावला. मग तळाशी बसलेला भरडा मुठीत घेऊन टाचा घासायला लागली. मी म्हटलं, "अगं, काही करायचं नाही इथे." ती म्हणाली, "मग कशाला आलो?"

आता त्या नळाचं सांगतो. मी तीस वर्षं गझला लिहितो. आमच्या परंपरेत प्याला, साकी, मैखाना यांच्याशिवाय पान हलत नाही. उर्दूत रियाज खैराबादी नावाचे मोठे शायर होऊन गेले. दारूवरच्या शायरीसाठी त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी, आणि त्यांनी आयुष्यात तिला तोंड लावलं नाही म्हणतात. त्यांचं नाव सांगून मी मुशायऱ्यांत अनेकदा स्वतःची सोडवणूक केली आहे. आणि इथे हातभर अंतरावर नळ, मोजदाद नाही, बघायला कोणी नाही. बायको आहे, पण ती टाचा घासते आहे. मी पेला धरला आणि नळ फिरवला. प्यायचा विचार नव्हता, खरं सांगतो. बघायचं होतं. पेला इतका गार झाला की बोटं आखडली. फेस वर आला, काठावरून उतरला. वास घेतला. कडू, थोडा ओल्या गवतासारखा. माझ्या एकाही शेरात हा गारवा नाही, हा कडवटपणा नाही. माझी मदिरा सगळी वाचून आणलेली. पेला मी काठावर ठेवला. बायकोने बघितलं, काही बोलली नाही. फक्त पेला आपल्यापासून लांब, माझ्या बाजूला सरकवला. पाण्यात सांडायला नको म्हणून.

फेस हळूहळू खाली बसत होता. टाचा घासून झाल्या. घासण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती मागे टेकली. वर तुळया होत्या, त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मी दिवसाची अशी आडवी कधी झाले सांगू? दोन बाळंतपणं आणि एकदा टायफॉइड."

मी आठवायचा प्रयत्न केला. खोटं वाटेना. तीस वर्षांत आम्ही दोघंच, दाराला कडी, आणि कोणी हाक मारणार नाही, असा दिवसाचा एक तासही मला आठवेना. आधी माझे आईवडील, मग मुलं, मग आलेगेले, माझे कवी मित्र, त्यांचा चहा. मी निदान माडीवर जाऊन 'लिहितोय' म्हणून पडायचो. तिला ती सोय नव्हती. आमच्या शाळेच्या भिंतीवर नेहरूंचं घोषवाक्य रंगवलेलं होतं, 'आराम हराम है'. आम्ही मुलं ते वाचायचो आणि मागच्या बाकावर झोपायचो. ते मनावर घेतलं ते घराघरांतल्या बायकांनी, आणि त्यांतल्या कित्येक त्या शाळेत गेल्याही नव्हत्या. बिअरच्या टबात उतरायला तिला एक डबा हुंगायचा वेळ लागला. मागे टेकायला अर्धा तास गेला.

ती बराच वेळ बोलत होती. काय, ते इथे सांगणार नाही. तिच्या आईबद्दल होतं, आणि थोडं माझ्याबद्दल. मी उत्तरं दिली नाहीत, कारण उत्तरं नव्हती. काठावरच्या पेल्यातला फेस सगळा गेला, नुसतं पिवळं पाणी राहिलं.

नंतर शेजारच्या पेंढ्याच्या बिछान्यावर अर्धा तास पडायचं असतं. पेंढ्यावर चादर, वर घोंगडी. या स्नानाने कांती मऊ होते, शीण जातो, असं ते सांगतात. यीस्टमध्ये ब जीवनसत्त्वं असतात हे खरं, पण ती कातडीतून आत शिरून काही करतात यावर माझा विश्वास नाही. माझ्या मते गुण गरम पाण्याचा आणि बंद दाराचा. बायको दोन मिनिटांत झोपली. घोरायला लागली. मी जागा राहून तिच्याकडे बघत होतो. तिच्या केसांत एक हॉप्सचं फूल अडकलं होतं, आणि उजव्या हाताच्या बोटांवर तव्याचे जुने डाग होते.

वेळ संपल्यावर दारावर टकटक झाली. मी दार किलकिलं करून त्या मुलीला दहा बोटं दाखवली. तिने आत डोकावून पाहिलं, पुढचं गिऱ्हाईक बाहेर बसलं होतं तिकडे पाहिलं, आणि पंधरा मिनिटांनी परत आली.

निघताना तिने बजावलं, काही तास आंघोळ करू नका, अंगात मुरू द्या. बायको म्हणाली, "असर राहील." घरी पोचल्यावर असरची वेळ टळायच्या आत आम्ही दोघांनीही साबण लावून आंघोळ केली. तरी रात्री उशीला तो सांदणाचा वास येत होता. मुलीने विचारलं, "अम्मी, कसं वाटलं?" ती म्हणाली, "पाणी बरं होतं. तुझ्याकडे तांदळाचं पीठ आहे का?"

गावी परतल्यावर शेजारपाजारच्या बायका जमल्या. परदेशात काय काय पाहिलंस? तिने पूल सांगितला, घड्याळ सांगितलं, ट्रॅम सांगितली. आणि एक गरम पाण्याचं कुंड होतं, म्हणाली, आपल्या उन्हवऱ्यासारखं. बिअरचा ब काढला नाही. मीही काढला नव्हता, आजपर्यंत. हे भाषण लागेल त्या वेळी गावातली वीज गेलेली असावी, अशी दुवा ती सकाळपासून मागते आहे.