दक्षिण चीनमधील परदेशी शिक्षक : नोकरी आणि भटकंती

चीनच्या दक्षिणेला समुद्रकाठी ग्वांगडोंग आणि फुजियान हे प्रांत आहेत. त्यांच्या पश्चिमेला ग्वांग्शी आणि आणखी आत, डोंगरांत, युन्नान. या टापूत परदेशी शिक्षक ही नवलाची गोष्ट नाही. १७५७ पासून पहिल्या अफूयुद्धापर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझू, हे एकच बंदर खुले होते. मुंबईचे पारशी व्यापारीही तिथे जात. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीचा पाया कँटनच्या व्यापारातच घातला गेला. व्यापाऱ्यांमागून मिशनरी आले, मिशनऱ्यांमागून शाळा आल्या. १८८८ मध्ये अमेरिकी मिशनऱ्यांनी काढलेल्या ख्रिश्चन कॉलेजचा पुढे लिंगनान विद्यापीठ म्हणून लौकिक झाला. त्याच्या आवारात आज सुन यत्-सेन विद्यापीठ आहे.

या परंपरेतला सर्वांत विलक्षण शिक्षक म्हणजे इंग्रज कवी-समीक्षक विल्यम एम्पसन. १९३७ मध्ये जपानने आक्रमण केल्यावर उत्तरेतली तीन विद्यापीठे एकत्र होऊन दक्षिणेकडे सरकली. एम्पसन त्यांच्याबरोबर आधी हूनान प्रांतातल्या नानयुए या डोंगरगावी आणि मग युन्नानमध्ये गेला. ग्रंथालय मागेच राहिले होते. वर्गात शिकवायच्या कविता तो आठवणीतून उतरवून देत असे. आजच्या शिक्षकाला वर्गात प्रोजेक्टर मिळतो, त्यामुळे पाठांतराची गरज उरलेली नाही.

आजच्या नोकरीची सुरुवात कागदांपासून होते. पदवी, शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव किंवा अध्यापनाचे प्रमाणपत्र, गुन्हेगारी नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी एवढे जमल्यावर नोकरीचा ‘झेड’ व्हिसा मिळतो. चीनमध्ये उतरल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे पत्ता नोंदवायचा आणि तीस दिवसांत निवासाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. पर्यटक किंवा व्यापारी व्हिसावर शिकवणे बेकायदा आहे. एजंट काहीही सांगोत, पकडले गेल्यावर दंड आणि देशाबाहेर रवानगी शिक्षकाचीच होते. इंग्रजीच्या जागांसाठी इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचा पासपोर्ट मागितला जातो. त्यामुळे भारतीय उमेदवार, त्याचे इंग्रजी कितीही चांगले असले तरी, या रांगेत मागे पडतो. भारतीय शिक्षक जास्त दिसतात ते आंतरराष्ट्रीय शाळांत गणित-विज्ञान शिकवताना, विद्यापीठांच्या हिंदी विभागांत आणि योगवर्गांत. कुनमिंगच्या युन्नान मिन्झू विद्यापीठात २०१५ मध्ये भारत-चीन योग महाविद्यालयच सुरू झाले.

जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. नफ्यासाठी चालणारे इंग्रजीचे क्लास एकामागून एक बंद पडले आणि तिथले परदेशी शिक्षक शाळांकडे वळले किंवा मायदेशी परतले. तेव्हापासून शाळा किंवा विद्यापीठ यांचीच नोकरी भरवशाची मानली जाते.

शाळा बहुधा आवारातच घर देते. त्यात पलंग, टेबल, पाणी तापवायची किटली आणि वातानुकूलन यंत्र असते, पण खोल्या गरम ठेवायची सोय नसते. याला कारण आहे. चीनमध्ये मध्यवर्ती ऊबव्यवस्था छिनलिंग पर्वत आणि ह्वाई नदी यांच्या रेषेच्या उत्तरेलाच दिली गेली. दक्षिणेला तिची गरज नाही असे ठरले. ज्यांनी हे ठरवले त्यांनी जानेवारीतला पाऊस भोगत गुइलिनमधला वर्ग घेतला नसावा. पारा शून्याच्या बराच वर असला तरी ओलसर गारठा हाडांत शिरतो, आणि मुले, शिक्षक सगळे अंगावर कोट चढवूनच शिकतात-शिकवतात. थंडी ओसरताना समुद्राकडून दमट वारे येतात आणि गार पडलेल्या भिंती-फरशांना अक्षरशः घाम फुटतो. धुतलेले कपडे आठवडाभर वाळत नाहीत, चामडी बुटांवर बुरशी चढते. या दिवसांत खिडक्या उघडायच्या नाहीत, हा धडा शेजारी पहिल्याच वर्षी देतात. पुढे उन्हाळ्यात किनाऱ्यावर टायफूनचे इशारे येतात आणि इशारा वरच्या दर्जाचा असला की शाळेला सुट्टी मिळते.

सरकारी शाळेत एका वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. परदेशी शिक्षकाच्या वाट्याला बहुधा संभाषणाचा तास येतो, तोही एका वर्गाला आठवड्यातून एकदाच, चाळीस मिनिटांचा. म्हणजे तो शेकडो मुलांना शिकवतो आणि नावाने ओळखतो मोजक्यांनाच. व्याकरण आणि परीक्षेची तयारी चिनी शिक्षकांकडे असते. जूनमध्ये होणारी विद्यापीठ-प्रवेशाची ‘गाओकाओ’ परीक्षा साऱ्या शाळेच्या डोक्यावर बसलेली असते, आणि जे परीक्षेत नाही ते गांभीर्याने घेतले जात नाही. ग्वांगडोंगमध्ये या परीक्षेत इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची संगणकावरची चाचणी आली, तेव्हा संभाषणाच्या तासाला थोडे वजन मिळाले. दुपारी जेवणानंतर शाळा वामकुक्षी घेते. मुले बाकांवरच डोके टेकतात. माध्यमिक वर्गांचा सक्तीचा अभ्यास रात्री उशिरापर्यंत चालतो, परदेशी शिक्षक मात्र संध्याकाळी मोकळा असतो. सहकाऱ्यांच्या आणि त्याच्या दिवसात इतके अंतर असल्याने मैत्री जुळायला वेळ लागतो, हे बाहेरून आलेल्याच्या लवकर लक्षात येत नाही.

भटकंतीचे वेळापत्रक शाळाच ठरवते. वर्ष १ सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय दिनाची सुट्टी, जानेवारी-फेब्रुवारीत वसंतोत्सवाची मोठी सुट्टी, मग छिंगमिंग, मे दिन, नौकोत्सव. यांतल्या लांब सुट्ट्यांचे काही दिवस आधी किंवा नंतर शनिवार-रविवारी काम करून भरून द्यावे लागतात. सोमवारचे तास रविवारी घ्यायचे आहेत, ही बातमी परदेशी शिक्षकाला बरेचदा शनिवारी रात्री कळते. शिवाय या सुट्ट्यांत सारा देश एकाच वेळी घराबाहेर पडतो. गाड्यांची तिकिटे मिळत नाहीत, खोल्यांचे भाव कितीतरी पटींनी चढतात. म्हणून जाणते शिक्षक सणाच्या सुट्ट्यांत शहरातच राहतात आणि साध्या शनिवार-रविवारी प्रवासाला निघतात.

हे शक्य झाले वेगवान रेल्वेमुळे. २०१४ च्या डिसेंबरात गुइयांग-ग्वांगझू मार्ग सुरू झाला. आधी ग्वांगझूहून गुइलिनला जायला रात्रभर गाडीत झोपावे लागे. आता तीन तासांच्या आत पोचता येते. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर निघते, त्यामुळे पासपोर्ट घरी विसरला तर प्रवास तिथेच संपतो.

या भागातली पहिली सहल बहुतेकांची गुइलिनचीच असते. गुइलिनपासून यांगशुओपर्यंत ली नदीचा ८३ किलोमीटरचा पट्टा आहे आणि त्याच्या दोन्ही काठांना चुनखडीचे सुळके सुटेसुटे उभे आहेत. एके काळी इथे समुद्राचा तळ होता. तो वर उचलला गेला आणि लक्षावधी वर्षे पावसाच्या किंचित आम्लयुक्त पाण्याने चुनखडक विरघळवत नेला. जे उरले ते हे सुळके आणि त्यांच्या पोटातल्या गुहा. सह्याद्रीचा बेसाल्ट असा विरघळत नाही, म्हणून इकडच्या माणसाला ही डोंगरांची तऱ्हा पहिल्यांदा चित्रातली वाटते. सर्वांत देखणा भाग यांगदी ते शिंगपिंग हा आहे, आणि शिंगपिंगजवळचे दृश्य वीस युआनच्या नोटेवर छापलेले आहे. काठावर ती नोट समोर धरून फोटो काढणाऱ्यांची रांग लागलेली असते. ज्यांना बांबूचे तराफे म्हणतात ते बव्हंशी प्लास्टिकच्या नळ्यांचे, मोटार लावलेले असतात. नदी पाहायची तर काठाने सायकल चालवणे बरे. यांगशुओच्या पश्चिम गल्लीत मात्र गोंगाटापलीकडे फारसे काही उरलेले नाही. गुइलिनच्या तांदळाच्या शेवया सकाळी, टपरीवर, लोणच्याच्या फोडी घालून खाव्यात. हॉटेलातल्या शेवयांना ती चव नाही.

गुइलिनच्या उत्तरेला लाँगशंग तालुक्यात लाँगजीची भातखाचरे आहेत. ज्वांग आणि याओ या जमातींनी डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत शतकानुशतके ती बांधली. मेअखेर ते जून या काळात खाचरांत पाणी भरलेले असते आणि सप्टेंबरअखेरीस भात पिकून पिवळा होतो. इतर वेळी गेल्यास निराशा पदरी येण्याचा संभव आहे, आणि धुक्याच्या दिवसांत तर काहीच दिसत नाही.

ग्वांगझूहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे ठिकाण म्हणजे कायपिंग. तिथल्या भातशेतांत काँक्रीटच्या उंच गढ्या उभ्या आहेत आणि त्यांच्या माथ्यावर युरोपीय घुमट-कमानी आहेत. या भागातले पुरुष एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणींत आणि रेल्वेच्या कामावर अमेरिका-कॅनडाला गेले. त्यांनी पाठवलेल्या पैशामागे दरोडेखोर आले, पूर तर नेहमीचेच होते. मग त्याच पैशातून, मुख्यत्वे १९२०-३० च्या दशकांत, जाड भिंतींच्या आणि लोखंडी झडपांच्या या गढ्या उठल्या. सुमारे १८०० गढ्या अजून उभ्या आहेत. २००७ मध्ये त्यांतल्या निवडक गढ्या आणि गावे जागतिक वारशाच्या यादीत गेली.

फुजियानमध्ये हक्का लोकांची चोपलेल्या मातीची गोल घरे आहेत. एकेका घरात एकाच आडनावाची कितीतरी कुटुंबे राहत. पण भारतीयाने फुजियानमध्ये चुकवू नये ते क्वानझू. मध्ययुगात हे जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होते आणि तमिळ व्यापाऱ्यांची इथे वसाहत होती. १२८१ सालचा तमिळ शिलालेख इथे सापडला आहे. त्यांचे शिवमंदिर काळाच्या ओघात नष्ट झाले, पण त्याचे कोरीव दगड लोकांनी वाया घालवले नाहीत. कायुआन या बौद्ध मंदिराच्या मुख्य सभागृहामागे दोन खांब उभे आहेत आणि त्यांवर नरसिंह आणि कृष्ण कोरलेले आहेत. मार्गदर्शक पुस्तिका त्यांना एखाद-दुसरी ओळ देतात. या खांबांसाठी मुद्दाम अर्धा दिवस राखावा.

युन्नान शनिवार-रविवारी उरकत नाही. कुनमिंगजवळचे शिलावन, दाली, लिजियांग आणि त्याच्या वरची व्याघ्रोल्लंघन घळ यांसाठी हिवाळ्याची किंवा उन्हाळ्याची मोठी सुट्टीच हवी. हाँगकाँग आणि मकाव जवळ असले तरी त्यांची हद्द आणि नियम वेगळे आहेत. चीनबाहेर पडल्याची नोंद होते, म्हणून निवासाचा परवाना हाती नसताना तिकडे जाऊ नये.

नोकरीचा करार बहुधा एका वर्षाचा असतो आणि जून-जुलैत संपतो. नवीन शाळा धरायची असेल तर जुन्या शाळेकडून नोकरीतून मोकळे केल्याचे पत्र आणि कामाचा परवाना रद्द झाल्याचा दाखला लागतो. हे कागद नसतील तर पुढचा परवाना अडतो. शाळा उन्हाळ्यात बंद असते आणि शिक्का मारणारा कारकून गावी गेलेला असतो, म्हणून सुट्टीच्या सहलीचे तिकीट काढण्याआधी हे दोन्ही कागद हाती घ्यावेत.