कवळी कपाटात ठेवण्यासाठी नसते

(बेंगळुरू येथे निवृत्त व निवृत्तीला आलेल्या रेल्वे कामगारांच्या मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



सकाळपासून पेन्शन, ग्रॅच्युइटी, मेडिकल कार्ड यांवर बोलणे झाले. माझा विषय दातांचा आहे. नेमके सांगायचे तर नसलेल्या दातांचा. कार्यकारिणीत हा विषय मी मांडला तेव्हा दोघे हसले. त्यातल्या एकाचे पुढचे दात पडले आहेत, म्हणून तो तोंडावर हात धरून हसला. मला त्या हाताविषयीच बोलायचे आहे.

मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो आणि गँगमध्ये लागलो. १९९२ पासून युनिगेजचे काम निघाले, मीटर गेजचे ब्रॉड गेज होऊ लागले, तेव्हा रात्री-बेरात्री लाईनवर असायचो. झोप येऊ नये म्हणून तंबाखू, थंडी वाजते म्हणून तंबाखू, मुकादमाने दिली म्हणून तंबाखू. घरी आईची मशेरी होतीच. माझे दात किडले नाहीत, हिरड्या सुटल्या. खडी वाहून गेली की स्लीपर कितीही चांगला असला तरी हलतो, तसे चांगले दात एकेक हलू लागले.

पुढचे दोन पडले तेव्हा सुटी मिळेना. मी फुटपाथवर दात बसवणाऱ्याकडे गेलो. त्याने अर्ध्या तासात, थोड्या पैशात, शेजारच्या दातांना प्लास्टिकचा लगदा चिकटवून दोन दात पक्के करून दिले. मी खूश. पण त्या लगद्याखाली अन्न अडकत राहिले आणि दोन वर्षांत शेजारचेही गेले. तोंडात कायमचे चिकटवलेले आणि खालून साफ न होणारे काहीही बसवून घेऊ नका, एवढे माझ्या अनुभवावरून लिहून घ्या.

अखेर वरचे सगळे काढावे लागले आणि कवळी आली. आठ दिवसांनी गेट मीटिंग होती. मी माईक धरला, ‘साथींनो’ म्हणालो आणि त्या ‘स’ची शिट्टी झाली. पुढच्या घोषणेला कवळी खाली सरकली. लोक हसले. त्या रात्री मी कवळी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली, ती आठ महिने बाहेर काढली नाही.

त्या आठ महिन्यांत काय झाले ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाटात अशी पुडी आहे. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खायची. इथली रागी मुद्दे मात्र फार उपयोगी पडली. ती चावायची नसतेच, गिळायची असते. लग्नकार्याला जाणे सोडले. नातवाने शेंगदाण्याचा लाडू पुढे केला की ‘गोड नको’ म्हणायचे. आणि साहेबांबरोबरच्या बैठकीत मी गप्प बसू लागलो. युनियनचा सचिव बोलत नाही, तेव्हा नुकसान एकट्याचे होत नाही.

मला बाहेर काढले एका निवृत्त ड्रायव्हरने. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ते म्हणाले, “अरे, पहिल्या दिवशी मला कोणी मेल गाडी चालवायला दिली होती काय? आधी शंटिंग, मग मालगाडी. तू एकदम गेट मीटिंगला गेलास!” त्यांचीही कवळीच. नवीन होती तेव्हा ते मागच्या खोलीत बसून मोठ्याने सिग्नल पुकारीत. ड्रायव्हर आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल पुकारतात ना, तसे. “पंधरा दिवसांत जीभ ताळ्यावर आली,” म्हणाले.

मी कवळी काढली, तर ती बसेना. डॉक्टरांनी कारण सांगितले. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. वरच्यापेक्षा खालचे हाड कितीतरी अधिक झिजते. कवळी तीच राहते, खालची जमीन बदलते. मग आतल्या बाजूला नवा थर देऊन ती पुन्हा बसवावी लागते. मी म्हणालो, “डॉक्टर, आम्ही याला पॅकिंग म्हणतो.” ते काम नीट झाले आणि आज मी तीच कवळी घालून तुमच्यापुढे उभा आहे.

आता प्रकार थोडक्यात. एखादा दात मोडका असून मूळ शाबूत असेल तर त्यावर टोपी, म्हणजे कॅप बसते. मधला एखाद-दुसरा दात गेला असेल तर दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्या आधाराने ब्रिज बसतो; तो काढावा लागत नाही, पण आधाराचे दात भक्कम हवेत. बरेच दात गेले आणि काही उरले असतील तर काढती-घालती अर्धी कवळी. ती ॲक्रिलिकची स्वस्त पडते. धातूच्या सांगाड्याची महाग, पण पातळ, मजबूत आणि उरलेल्या दातांना कमी त्रासाची. सगळेच गेले तर पूर्ण कवळी.

शेवटचा प्रकार इम्प्लांट. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला धरून ठेवते. स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. खर्च मोठा, महिने लागतात, आणि तंबाखू चालू असेल किंवा साखर ताब्यात नसेल तर काम फसण्याची भीती वाढते. पण सगळ्या दातांसाठी इम्प्लांट लागतात असे नाही. खालच्या जबड्यात दोनच बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवता येते. ज्यांची खालची कवळी टिकतच नाही, त्यांनी हे जरूर विचारावे.

खालचीच का टिकत नाही? वरची टाळूभर पसरलेली असते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालासारखी. तिला जागा कमी आणि वर जिभेची सतत ढकलाढकल. म्हणून ती जिभेने आणि गालांनी सांभाळायला शिकावे लागते. तो दोष तुमचा नाही आणि बहुतेक वेळा डॉक्टरांचाही नाही.

सवय कशी करायची ते क्रमाने सांगतो. पहिले काही दिवस तोंडात परकी वस्तू आली म्हणून लाळ सुटते, कधी उमासे येतात. ते ओसरते. पहिल्यांदा मऊ भात, खिचडी, इडली, घास लहान. दोन्ही बाजूंनी एकदम चावा, एकाच बाजूने चावलात तर दुसरी उचलली जाते. पुढच्या दातांनी पेरू तोडायला जाऊ नका, फोडी करा. कवळीने चावण्याचा जोर मूळ दातांच्या पाव हिश्श्यापर्यंतच असतो, हे आधीच मान्य करा. वर्तमानपत्र रोज मोठ्याने वाचा. जो शब्द अडतो, तो पुन्हा म्हणा.

टोचले तर घरी कानस घेऊन बसू नका. आपण फिटर-गँगमन, हात शिवशिवतात. पण एका घासणीत कवळी कायमची बिघडते. डॉक्टरांकडे जा, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी ती घालून ठेवा, म्हणजे कुठे लागते ती खूण त्यांना दिसेल. अशा दोन-तीन फेऱ्या होतातच. त्या फेऱ्या म्हणजे बिघाड नव्हे, कामाचाच भाग आहे.

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. हिरड्यांनाही विश्रांती हवी, नाहीतर टाळूला बुरशी धरते. उकळते पाणी घालू नका, आकार बिघडतो. दंतमंजन नको, चरे पडतात. मऊ ब्रश आणि साबण पुरे. धुताना खाली पाण्याची बादली ठेवा, हातातून निसटली तर फरशीवर पडून फुटणार नाही. आणि दात नाहीत म्हणून डॉक्टर नको, असे नाही. वर्षातून एकदा तोंड दाखवा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही दिसले तर एक दिवसही थांबू नका. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाचा कर्करोग असाच सुरू होतो. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ मध्ये बंदी आली, पण आपल्या खिशातली पुडी आपणच काढून टाकायची आहे.

आता आपल्या कामाचे. कोणी म्हणेल, हा घरगुती विषय, युनियनचा याच्याशी काय संबंध? साथींनो, कवळीवरून मंत्र्याने राजीनामा दिलेला आहे. अन्युरिन बेव्हन हा वेल्सचा खाणकामगार. इंग्लंडचा आरोग्यमंत्री झाल्यावर त्याने ५ जुलै १९४८ रोजी सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. कवळी आणि चष्मा यांसाठी लोकांच्या रांगा लागल्या. त्याआधी गरिबांनी वर्षानुवर्षे दातांविना काढली होती, हे त्या रांगांनीच दाखवले. १९५१ च्या अंदाजपत्रकात कवळी आणि चष्म्याचा निम्मा खर्च लोकांकडून घ्यायचे ठरले, तेव्हा बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडला. त्याच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले, जे १९६४ मध्ये पंतप्रधान झाले. चावून खाता येणे ही त्यांनी चैन मानली नाही.

आपल्याकडेही कर्नाटक सरकारने दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना मोफत कवळी देण्यासाठी ‘दंत भाग्य’ योजना काढली. आपल्या कंत्राटी सफाई कामगारांच्या, हमालांच्या घरी असे वृद्ध आहेत. त्यांना सरकारी दवाखान्यात आपण घेऊन गेले पाहिजे. इथे फोर्टमध्ये, व्हिक्टोरिया हॉस्पिटलजवळ, सरकारी दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत शिकणारी मुले गुरुजींच्या देखरेखीखाली काम करतात. माप घेणे, चाव्याची नोंद, मेणावर दात लावून पाहणे, अशा चार-पाच फेऱ्या होतात. वेळ लागतो, पण फुटपाथच्या अर्ध्या तासापेक्षा तो वेळ स्वस्त पडतो.

म्हणून शाखेपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. निवृत्तीपूर्वीच्या तपासणीत दात आणि तोंड यांची तपासणी असावी, ही मागणी प्रशासनाकडे लेखी जावी. कवळी देताना तिच्या दुरुस्तीच्या फेऱ्याही वैद्यकीय सोयीत धरल्या जाव्यात, आणि नोकरीत असणाऱ्याला त्या फेऱ्यांसाठी वेळ मिळावा; मला तो मिळाला असता तर माझे चार दात वाचले असते. तिसरी गोष्ट प्रशासनाकडे मागायची नाही. महिन्यातून एका रविवारी, ज्यांना सवय झाली आहे त्यांनी नव्यांबरोबर युनियन ऑफिसात बसावे. अण्णा यायला तयार आहेत. सिग्नल पुकारायला ते शिकवतील.

घरी गेल्यावर कपाट उघडा. पुडी सोडा, कवळी धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पुढच्या मेळाव्याला तुम्ही हसाल, तेव्हा तोंडावर हात नसावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!