वढवाण्याचा तलाव : पाहुण्यांची रीत



हिवाळा आला की बडोदेकरांची पावले डभोई तालुक्यातील वढवाणा तलावाकडे वळतात. बांधावरून पाहताना हा विस्तीर्ण जलाशय निसर्गनिर्मितच भासतो. वस्तुतः सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १९१० साली, बडोदे संस्थानाने तो शेतीसाठी बांधला. ओरसंग नदीचे पाणी जोजवा येथील बंधाऱ्यावरून कालव्याने येथे येते आणि भोवतालच्या गावांची शेते भिजवते. म्हणून या पाण्याचा पहिला मानकरी शेतकरी आहे. सहलीला येणारा हा त्याचा पाहुणा.

दुसरे पाहुणे उत्तरेकडून येतात. मध्य आशियाई उड्डाणमार्गावरील ८० हून अधिक जातींचे पाणपक्षी येथे हिवाळा काढतात. पश्चिम भारतात एरवी क्वचित आढळणारी मोठी लालसरी येथे नेमाने दिसते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंबही येथे उतरतात. या महत्त्वामुळेच २०२१ साली वढवाण्याचा समावेश रामसर यादीत झाला. पक्ष्यांचा थवा आरडाओरड्याने उठला की बघणाऱ्यास मौज वाटते. पक्ष्याची मात्र परतीच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती वाया जाते. दुर्बीण, मंद आवाज आणि थोडा धीर एवढी शिदोरी पाहुण्यास पुरते. खाऊची रिकामी पाकिटे आल्या वाटेने परत न्यावीत, हे वेगळे सांगणे न लगे.

पाण्याशी वागण्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्यातील हरणी तलावात शालेय सहलीची नाव उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. त्या दुःखाची आठवण केवळ श्रद्धांजलीपुरती राहू नये. सहलीच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक पालकाने विचारावे : मुले पाण्यात उतरणार आहेत काय? नाव असल्यास तिची क्षमता किती? प्रत्येक मुलास जाकीट मिळेल काय? आणि मुलांची मोजदाद कोण ठेवील? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास काठावरूनच तलाव पाहावा. वढवाण्याचे सारे वैभव काठावरूनही दिसते.

हीरक महोत्सवी शाळेने मुलांना सहली अवश्य घडवाव्यात. भूगोलाच्या पुस्तकातला कालवा आणि पक्ष्यांचा उड्डाणमार्ग तेथे एकाच सकाळी प्रत्यक्ष भेटतात. मात्र जितकी मुले निघाली तितकी संध्याकाळी घरी पोहोचली, तरच ती सहल शिक्षणाच्या जमेस धरावी.