वाद्य आणि वास्तू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते संगीताचे भोक्ते होते. म्हणूनच विद्यालयाच्या व्यासपीठावरून एका नाइटक्लबविषयी बोलण्याचे धाडस मी करीत आहे. गोमंतकीय श्रोत्यांना सॅक्सोफोनची ओळख करून द्यावी लागत नाही. नाइटक्लब या शब्दाने मात्र कुणाच्या भुवया उंचावल्या असतील, तर त्यांनी थोडा धीर धरावा.

रॉनी स्कॉट यांचा जन्म १९२७ साली पूर्व लंडनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडीलही सॅक्सोफोनवादक. ऐन तारुण्यात रॉनी ‘क्वीन मेरी’ जहाजाच्या वाद्यवृंदात नोकरी धरून न्यूयॉर्कला जात. ओढ पगाराची नव्हती. तेथे घडत असलेले नवे जॅझ कानांनी ऐकायचे होते. कारण ते लंडनला येऊ शकत नव्हते. दोन्ही देशांच्या वादक-संघटनांच्या भांडणापायी १९३० च्या दशकापासून अमेरिकन वादकांना इंग्लंडचे दार जवळजवळ बंदच होते. पुढे ते किलकिले झाले, तेही मोठ्या मैफलींपुरते.

३० ऑक्टोबर १९५९ रोजी सोहो भागातील जेरार्ड स्ट्रीटवरच्या एका तळघरात रॉनींनी आपला क्लब उघडला. सावत्र वडिलांनी एक हजार पौंड उसने दिले होते. भागीदार होते पीट किंग, तेही टेनर सॅक्सोफोनवादकच. हिशेब, करार, परवाने यांचा भार अंगावर घेतला तो किंग यांनी, आणि त्यासाठी त्यांनी आपले वाद्य कायमचे खाली ठेवले. रॉनींच्या कीर्तीपुढे हा त्याग झाकोळून जातो. मला मात्र या साऱ्या कथेत तोच सर्वांत अवघड निर्णय वाटतो.

संघटनांशी चिकाटीने वाटाघाटी करून किंग यांनी तोड काढली: एक वादक तिकडून यावा, एक इकडून जावा. १९६१ साली झूट सिम्स लंडनला आले, टबी हेज न्यूयॉर्कला गेले. मग सनी रॉलिन्स, बेन वेबस्टर, बिल एव्हान्स अशी रीघच लागली. १९६५ साली क्लब फ्रिथ स्ट्रीटवरील मोठ्या जागेत गेला. जुने तळघर, भाडेपट्टा उरला होता तोवर, तरुण ब्रिटिश वादकांसाठी मोकळे ठेवले गेले. व्यवहारी माणसाला हे सुचले नसते!

रॉनी स्वतः वाजवीत राहिले. पाहुण्यांची ओळख करून देताना ते आपल्याच क्लबच्या जेवणाची टर उडवीत. तेच विनोद वर्षानुवर्षे. लोक तरीही हसत. त्या हास्यामागे नैराश्याचे दीर्घ दुखणे होते. अखेरच्या काळात दातांच्या शस्त्रक्रियांमुळे वादनही अवघड झाले, आणि २३ डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. औषधाच्या अतिमात्रेमुळे आलेला तो मृत्यू चौकशीअंती अपघाती ठरला.

क्लब बंद पडला नाही. वाद्य खाली ठेवलेल्या पीट किंग यांनी तो आणखी नऊ वर्षे चालविला आणि २००५ साली नव्या मालकांच्या हाती दिला.